सहा मेणबत्त्यांचा दिवस: आल्फ्रेड राजाचं घड्याळ घरी कसं करावं

इंग्लंडचा आल्फ्रेड राजा मुलांना सांगायचा असेल तर तलवारीपासून सुरुवात करू नये, मेणापासून करावी. मी देवगड तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका शाळेत इतिहास शिकवते. या राजावर परीक्षेत प्रश्न येत नाही. पण आषाढातली दुपार आहे, वीज गेली आहे, समुद्राचा आवाज वर्गापर्यंत येतो आहे, अशा वेळी मुलांच्या हाताला काम द्यायचं आणि त्या कामातून अकराशे वर्षांपूर्वीचा माणूस त्यांच्यासमोर उभा करायचा, तर त्याने करवून घेतलेल्या मेणबत्तीच्या घड्याळाइतकं चांगलं साधन माझ्या पाहण्यात नाही. ते कसं करायचं ते इथे सविस्तर लिहिते. शिक्षकांना उपयोगी पडेल, आणि घरी नातवंडं असलेल्या आजी-आजोबांनाही.

आधी राजाची अडचण सांगा. ती कळली नाही तर मुलं नुसतं मेण वितळवतील. आल्फ्रेड ८७१ मध्ये वेसेक्सचा, म्हणजे दक्षिण इंग्लंडमधल्या एका राज्याचा, राजा झाला तेव्हा डेन लोकांची, म्हणजे समुद्रापलीकडून येणाऱ्या व्हायकिंग लुटारूंची, जहाजं नद्यांमधून थेट आत शिरत होती आणि इंग्रजांची शेजारची राज्यं एकामागून एक त्यांच्या हाती जात होती. ८७८ च्या जानेवारीत त्यांचा सरदार गुथ्रम चिपनहॅमवर अचानक चालून आला. राजाला मोजक्या माणसांनिशी सॉमरसेटच्या दलदलीत, अ‍ॅथेलनीला, आसरा घ्यावा लागला. त्याच वर्षी मे महिन्यात एडिंग्टनला त्याने गुथ्रमला हरवलं, आणि गुथ्रमने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याचा धर्मपिता म्हणून स्वतः उभा राहिला. एवढं सगळं सोसलेल्या या राजाने पुढे एक नवस केला: आपला अर्धा वेळ, दिवसाचाही आणि रात्रीचाही, देवाच्या सेवेला द्यायचा.

आता अर्धा म्हणजे नेमका किती? दिवसा ढग आणि पाऊस, रात्री काळोख. सूर्य दिसेल तेव्हा मोजायचं म्हटलं तरी तिकडे हिवाळ्यातला दिवस जेमतेम आठ तासांचा आणि उन्हाळ्यातला सोळाहून अधिक. आपल्याकडे दिवस अकरा ते तेरा तासांच्या दरम्यानच राहतो, त्यामुळे ही अडचण आपल्याला पटकन जाणवत नाही. मुलांना मी एवढंच विचारते, की आषाढात आठ दिवस सूर्य दिसला नाही आणि घरात घड्याळ नसलं तर किती वाजले ते कसं सांगाल? मग वर्ग कामाला तयार होतो.

राजाने काय केलं ते त्याचा चरित्रकार अ‍ॅसर याने लिहून ठेवलं आहे. हा वेल्सचा धर्मगुरू राजाच्या पदरी होता आणि ८९३ मध्ये, राजा हयात असतानाच, त्याने हे चरित्र लिहिलं. राजाने आपल्या धर्मगुरूंना मेण आणायला लावलं, तागडीत एका पारड्यात चांदीच्या पेनी टाकल्या आणि दुसऱ्यात मेण. बहात्तर पेनींच्या वजनाचं मेण झालं की त्याच्या सारख्या वजनाच्या सहा मेणबत्त्या करायच्या. प्रत्येकीची लांबी बारा इंच आणि तिच्यावर इंचाइंचाच्या खुणा. सहा मेणबत्त्या एकीमागून एक जळाल्या की एक अहोरात्र पूर्ण.

हिशोब मुलांकडूनच करून घ्या. चोवीस तास भागिले सहा, म्हणजे एक मेणबत्ती चार तास. चार तासांचे बारा भाग केले की एक इंच वीस मिनिटं. आपल्या घटिकेत सांगायचं तर एक घटिका चोवीस मिनिटांची, म्हणून एक मेणबत्ती बरोबर दहा घटिका. ओळखीच्या भटजींकडे लग्नातलं घटिकापात्र असेल तर जरूर मागून आणा. घंगाळात तरंगणारी ती छोटी वाटी बुडते तेवढ्यात मेणबत्ती एक इंच आणि वर थोडी उतरलेली पाहायला मिळते. मोबाइलवर वेळ लावण्यापेक्षा मुलं याच्याभोवती जास्त वेळ बसतात.

मेण मधमाश्यांचंच घ्या. दुकानातली पांढरी मेणबत्ती पॅराफिनची असते. तिचंही घड्याळ होतं, पण राजाच्या मेणाचा वास त्याला येत नाही. मध काढणाऱ्यांकडे किंवा मधपेटीवाल्यांकडे पोळ्याचं मेण मिळतं. ते गरम पाण्यात वितळवून जाड फडक्यातून गाळलं की गार झाल्यावर वर मेणाची वडी धरते आणि गाळ खाली बसतो. सहा मेणबत्त्यांना सव्वाशे ग्रॅमच्या आत मेण लागतं, तरी पाव किलो हाताशी ठेवा, कारण ओतताना भांड्यात पुरेसं मेण असावं लागतं.

वजनासाठी तागडी हवीच. इलेक्ट्रॉनिक काट्यावर आकडा दिसतो, तोलणं दिसत नाही. आल्फ्रेडच्या काळातली पेनी दीड ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे बारा पेनींची एक मेणबत्ती साधारण अठरा ग्रॅमची. २०११ ते २०१८ या काळातलं पितळी रंगाचं पाच रुपयांचं नाणं सहा ग्रॅमचं आहे. अशी तीन नाणी एका पारड्यात टाकली की राजाच्या बारा पेनी झाल्या. त्यानंतरची पाच रुपयांची नाणी जड आहेत, ती घेऊ नका. राजाचे धर्मगुरू नाण्यांसमोर मेण तोलत होते आणि आपली मुलंही तेच करतात, याची गोडी त्यांना लगेच कळते.

अठरा ग्रॅम मेण बारा इंचांत पसरायचं म्हणजे मेणबत्ती पेन्सिलीपेक्षा किंचितच जाड होणार. एवढ्या सडपातळ मेणबत्तीला साचा वापरू नका, पोळ्याचं मेण साच्याला चिकटून बसतं. बुडवून करायची तर फूटभर खोल भांडं मेणाने भरावं लागेल. चर्चसाठी मेणबत्त्या करणारे जुने कारागीर पळीने मेण ओतून करत, तीच रीत इथे सोपी पडते.

वातीसाठी वाण्याकडचा पुडी बांधायचा सुती दोरा घ्या, रंग नसलेला. तीन पदरांची घट्ट वेणी घाला आणि वात एकदा वितळलेल्या मेणात बुडवून, ताणून, सरळ वाळवा. पावसाळ्यात दोरा हवेतली ओल धरतो आणि ओली वात तडतडते, म्हणून आदल्या रात्री तो तांदळाच्या डब्यात ठेवावा. मग सोळा इंचांचा तुकडा कापून खिळ्याला टांगा आणि खाली परात ठेवा.

मेण कधीही थेट आचेवर ठेवायचं नाही. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं छोटं पातेलं, आणि मंद आच. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. ते सत्तरच्या आसपास असावं. फार तापलं तर नवा थर आधीचा थर वितळवून घेऊन जातो. मेणाने पेट घेतलाच तर पाणी ओतू नका, झाकण टाका. आम्ही शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याला वाळूची काय कमी! पण ती आधी तव्यावर भाजून कोरडी केलेली असावी. आचेजवळ आणि पळीपाशी मोठं माणूसच हवं.

पळीभर मेण वातीच्या वरच्या टोकापासून हळू सोडायचं आणि दुसऱ्या हाताने वात चिमटीत फिरवत राहायचं. परातीत पडलेलं मेण पुन्हा पातेल्यात. दोन थरांच्या मध्ये मेण बोटाला कोमट लागेपर्यंत थांबा. तीन-चार थरांनंतर मेणबत्ती खाली जाड आणि वर बारीक झालेली दिसेल. मग ती उलटी टांगा. पुरेशी भरली की गरम असतानाच ओल्या कडप्प्यावर ठेवून गुळगुळीत फळीने लाटा. इथे हाताचं कौशल्य दिसतं. आमच्याकडे भाकरी-घावन्यांच्या घरातल्या मुली मुलांपेक्षा आधी सरळ मेणबत्ती लाटतात, आणि त्यांचं कौतुक भर वर्गात झालं पाहिजे. लाटून झाली की बारा इंचांवर कापा आणि तागडीत टाका. जड भरली तर आणखी लाटून बारीक करा व पुन्हा बारा इंचांवर कापा, हलकी असली तर एक थर वाढवा. सहाही मेणबत्त्या तीन नाण्यांशी समतोल झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

खुणा सुईने कोरा. प्रत्येक इंचावर बारीक रेघ, आणि तिच्यात काजळ भरा. शाई मेणावर टिकत नाही. तयार मेणबत्त्या आडव्या ठेवा. उभ्या ठेवल्या तर मे महिन्याच्या उकाड्यात त्या वाकतात.

लाकडी ठोकळ्यात खालून एक बारीक खिळा ठोकून त्याचं टोक वर काढा. मेणबत्तीचं बूड किंचित ऊब देऊन त्यावर बसवा. दारं-खिडक्या लावून पहिली चाचणी घ्या. वातीवर काजळी वाढली की कात्रीने छाटा, नाहीतर ज्योत उंच होते आणि वेळ पुढे पळते. धूर येत असेल तर पुढच्या वेळी दोरा बारीक घ्या, ज्योत मेणात बुडून मंद होत असेल तर एक पदर वाढवा. बंद खोलीत आमचा इंच सतरा ते बावीस मिनिटांत जळतो. एकाच मेणबत्तीतही वरचा इंच लवकर जातो. मुलांनी प्रत्येक खुणेची वेळ वहीत मांडावी आणि बारा इंचांची सरासरी काढावी. सरासरी वीसच्या जवळ आली की वर्गात होणारा आनंद पाहण्यासारखा असतो.

मग दार उघडा. दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे येऊ लागतात, हे भूगोलात शिकवलेलं असतंच. ज्योत एका अंगाला झुकते, त्या बाजूने मेण ओघळतं आणि चार तासांची मेणबत्ती तासभर आधीच संपते. आमच्या एका मुलाने हे एका वाक्यात मांडलं: "बाई, वारो इलो की टायम पळता." राजासमोर नेमकी हीच अडचण आली. अ‍ॅसर लिहितो की चर्चच्या दारांतून, खिडक्यांतून, भिंतींच्या आणि फळ्यांच्या फटींतून, तंबूच्या कापडातून वारा आत येई आणि मेणबत्त्या वेळेआधी जळून जात. राजा तेवढ्यावर थांबला नाही. त्याने लाकडाचा कंदील करवून घेतला आणि त्याला बैलाच्या पांढऱ्या शिंगांचे पातळ तासलेले पत्रे बसवले. ते काचेइतके आरपार दिसत, आणि कंदिलाचं दारही शिंगाचंच होतं.

आपल्याकडे काच दुर्मीळ होती तेव्हा गोव्यातल्या घरांच्या खिडक्यांना पातळ चपट्या शिंपल्यांची तावदानं बसवत. शिंगाच्या पत्र्याचंच काम ते शिंपले करत, आणि हे मुलांना सांगायलाच हवं. पण ते गोळा करायला पाठवू नका. हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. आपल्या कंदिलासाठी जुन्या तसबिरींच्या काचा घ्या. चार काचा, कडांना चिकटपट्टी, आणि चौकटीला पोफळीच्या रिपा. पोफळ हलकी असते आणि कोकणात सुताराकडे तिचे तुकडे पडलेले असतात. उंची दीड फूट ठेवा, म्हणजे ज्योत आणि छत यांत अंतर राहील. छत पत्र्याचं, मध्ये भोक असलेलं, आणि त्या भोकावर चार पायांवर उभी केलेली पत्र्याची टोपी. तळाशी चारही बाजूंना बारीक भोकं हवीत, नाहीतर ज्योत गुदमरून विझते. वारा ज्या बाजूने येतो तिकडची भोकं कापसाने बुजवा. आता हाच कंदील दारात ठेवून दुसरी चाचणी घ्या आणि दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवा.

घड्याळ झालं, आता त्याच्यासमोर राजा सांगायचा. मी मेणबत्तीच्या इंचाइंचाने सांगते. ज्योत खुणेवर आली की गोष्ट थांबवायची, मुलं कितीही "पुढे काय झालं" म्हणाली तरी.

भाजलेल्या पोळ्या करपवणाऱ्या राजाची गोष्ट मी सांगत नाही. ती अ‍ॅसरच्या चरित्रात नाही, नंतर जोडलेली आहे. त्याऐवजी एक इंच ८९६ सालच्या जहाजांना देते, कारण आमच्या वर्गातल्या निम्म्या घरी होडी आहे. आल्फ्रेडने डेन लोकांच्या जवळजवळ दुप्पट लांबीची जहाजं बांधली. काहींना साठ वल्ही होती, काहींना त्याहून जास्त. अशी नऊ जहाजं घेऊन त्याच्या माणसांनी नदीच्या मुखाशी डेन लोकांची वाट अडवली. शत्रूची सहा जहाजं होती, त्यांतली तीन बाहेर आली. इंग्रजांनी दोन पकडली. तेवढ्यात ओहोटी लागली आणि राजाची नवी जहाजं गाळात रुतून बसली, तीन एका काठाला आणि सहा दुसऱ्या. उघड्या पडलेल्या तळावरून चालत येऊन डेन लोकांनी त्या तिघांवर हल्ला केला. राजाच्या बाजूचे बासष्ट पडले, डेन लोकांचे एकशे वीस. आणि मग भरती आली, ती आधी डेन लोकांच्या हलक्या जहाजांपाशी. ते वल्ही मारत निघून गेले. इथे मी थांबते आणि विचारते, तुम्ही असता तर जहाज कुठे उभं केलं असतं? या प्रश्नावर खाडी माहीत असलेली मुलं अर्धा इंच सहज बोलतात. अशा तपशिलाने राजा जवळचा वाटतो, नुसत्या "आरमाराचा जनक" या बिरुदाने वाटत नाही.

एक इंच किल्ल्यांना. विजयदुर्ग पाहिलेल्या मुलांना जास्त सांगावं लागत नाही. आल्फ्रेडने तटबंदीच्या ठाण्यांची साखळी उभी केली. वेसेक्सच्या यादीत अशी तीसहून अधिक ठाणी आहेत, आणि एखादं गाव संकटात सापडलं तर दिवसभराच्या चालीत एखादं ठाणं गाठता येई. त्यांतली काही पुढे बाजारपेठेची शहरं झाली. मुलगा एडवर्ड आणि मुलगी एथेलफ्लेड यांनी तीच साखळी पुढे नेली, आणि नातू अ‍ॅथेलस्टनच्या हाती संपूर्ण इंग्लंड एका राज्याखाली आलं. वंशावळ यापेक्षा लांबवू नये.

८८३ च्या नोंदीला मी पाव इंच देते. अँग्लो-सॅक्सन बखरीच्या, म्हणजे इंग्रजांच्या जुन्या वर्षवार नोंदींच्या, काही प्रतींत लिहिलं आहे की राजाने सिगहेल्म आणि अ‍ॅथेलस्टन नावाच्या दोघांबरोबर रोमला आणि हिंदुस्थानात संत थॉमस व संत बार्थोलोम्यू यांच्याकडे दान पाठवलं. तिथला मूळ शब्द हिंदुस्थान की यहुद्यांचा देश, यावर अभ्यासकांत वाद आहे. आपल्या देशाचं नाव ऐकलं की मुलं सरसावून बसतात, आणि इतिहास वाद घालूनच पुढे जातो हेही त्यांना आपोआप कळतं.

मग येते शाळा. तिला मी सर्वात जास्त मेण देते. राजाने गादीवर आल्यावर पाहिलं की थेम्स नदीच्या दक्षिणेला लॅटिन समजून भाषांतर करू शकेल असा एकही माणूस त्याला आठवेना. मठ जळले होते, पुस्तकं गेली होती. त्याने स्वतः वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर लॅटिन शिकायला घेतलं, मोलाची पुस्तकं निवडून लोकांच्या भाषेत आणायचं काम सुरू केलं, आणि ऐपत असलेल्या सगळ्या स्वतंत्र घरांतल्या मुलांना इंग्रजी वाचता आलं पाहिजे असं लिहून ठेवलं. आपल्या वार्षिक उत्पन्नाचे दोन भाग करून एक देवकार्याला दिला, आणि त्याचा चौथा हिस्सा आपल्या दरबारातल्या शाळेला. म्हणजे एकूण उत्पन्नाचा आठवा भाग. हा अपूर्णांक फळ्यावर मुलांकडून काढून घ्या: एक अष्टमांश. सहा मेणबत्त्यांतल्या किती इंचांइतका? नऊ. मग मेणबत्तीवर नऊ इंच बोटाने दाखवा. मी इतकी वर्षं शिकवते आहे, तरी हा भाग सांगताना माझा आवाज अजून भरून येतो.

अ‍ॅसरच्या चरित्राची उरलेली एकमेव जुनी हस्तलिखित प्रत १७३१ मध्ये लंडनमधल्या कॉटन ग्रंथसंग्रहाच्या आगीत जळून गेली, हेही सांगा. त्याआधी कुणीकुणी तिच्या नकला करून ठेवल्या होत्या आणि चरित्र छापलंही गेलं होतं, म्हणूनच आज आपण तागडीत मेण तोलू शकतो.

शेवटचा इंच मुलांनी घरी न्यायचा आहे. राजाचे न्याय देणारे अधिकारी निरक्षर होते. त्याने त्यांना सांगितलं, वाचायला शिका नाहीतर पद सोडा. ते शिकायला लागले. ज्यांना म्हातारपणामुळे जमेना, त्यांच्यासाठी मुलाने किंवा नात्यातल्या कुणी रात्रंदिवस, सवड मिळेल तेव्हा, मोठ्याने पुस्तक वाचून दाखवायचं अशी आज्ञा केली. आमच्याकडे प्रत्येक मूल खूण केलेला एक इंचाचा तुकडा घेऊन जातं, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला तेवढा इंच जळेपर्यंत काहीही वाचून दाखवतं. वर्तमानपत्र चालेल, पोथी चालेल, इतिहासाचं पुस्तकही चालेल. तुकडा बशीत चार थेंब मेणावर चिकटवून, पंखा बंद करून लावायचा, आणि शेजारी मोठं माणूस बसलेलं असावं. दुसऱ्या दिवशी वहीत दोन ओळी लिहायच्या: काय वाचलं, आणि ऐकणाऱ्याने मध्येच कुठे थांबवून काय विचारलं.

बशीत उरलेलं मेण सुरीने खरवडून परत आणायला सांगा. ते गाळून पुढच्या वर्गासाठी डब्यात ठेवायचं, आणि डब्यावर वजन लिहायचं.